विमानाचे कापड शिवणारा विल्बर

विमान म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर चकाकणारे धातूचे पंख येतात. पण इंजिनाच्या बळावर माणसाला घेऊन उडालेल्या पहिल्या विमानाचे पंख सुती कापडाचे होते. ते कापड शिवणयंत्रावर शिवणारा माणूस म्हणजे विल्बर राइट.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेत झाला. वडील पाद्री होते. हातांचे कसब मुलांना आईकडून मिळाले. अठराव्या वर्षी हॉकी खेळताना काठी लागून विल्बरचे पुढचे दात पडले आणि त्याचे कॉलेज राहून गेले. पुढे तो घरीच राहिला. खूप वाचन केले, क्षयाने आजारी असलेल्या आईची सेवा केली. १८८९ साली आई वारली. त्यानंतर धाकटा भाऊ ऑर्व्हिल याच्यासह त्याने डेटन गावी सायकलचे दुकान काढले. उडण्याचा ध्यास दोघांना तिथेच लागला.

१९०० साली ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, जोडण्यासाठी विल्बर समुद्रकाठच्या किटी हॉक गावी निघाला. पंखांसाठी अठरा फुटी दांड्या हव्या होत्या. वाटेत सोळा फुटीच मिळाल्या. कापड मात्र आधीच बेतलेले होते! मग ज्यांच्या घरी तो उतरला होता, त्या टेट बाईंचे शिवणयंत्र त्याने मागून घेतले, कापड कापले आणि पुन्हा शिवले. प्रयोग संपल्यावर तो ग्लायडर तिथेच टाकून दिला गेला. टेट बाईंनी त्याचे कापड काढून आपल्या दोन मुलींना झगे शिवले. किती छान उपयोग, नाही का?

१९०२ साली डेटनला हेच काम पुन्हा सुरू झाले. ऑर्व्हिल जमिनीवर बसून खुणा करी आणि विल्बर तासन्‌तास यंत्र चालवी. बहिणीने वडिलांना पत्रातून ही गंमत कळवली होती.

आता १९०३ च्या विमानाची खरी युक्ती ऐका. तुमचा रुमाल घ्या. समोरासमोरच्या कडा धरून ओढा, तो ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, तो लगेच ताणतो. म्हणजे धागा ज्या दिशेने असेल, त्या दिशेने कापड घट्ट असते. पंखाची लाकडी चौकट जुन्या खाटेसारखी तिरकी होऊ पाहते. म्हणून राइट बंधूंनी मलमलीचे कापड उरेब लावले. उरेब हा शब्द तुम्ही शिंप्याच्या दुकानात ऐकला असेल. त्यामुळे धागे चौकटीत तिरपे बसले आणि त्यांनीच चौकटीला आधार दिला. पायजम्याच्या नेफ्यात नाडी घालतात ना, तशा पंखाच्या बरगड्या कापडात शिवलेल्या खोळींमध्ये सरकवल्या. आज घरी हलके विमान बांधणारे लोक पॉलिस्टर कापड चिकटवून इस्त्रीने ताणून बसवतात. राइट बंधूंजवळ सुई-दोराच होता.

१७ डिसेंबर १९०३ रोजी हे विमान चार वेळा उडाले. शेवटच्या वेळी विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला.

१९०८ साली तो फ्रान्समध्ये विमान दाखवायला गेला. पेट्या उघडल्या तर बरगड्या मोडलेल्या, कापड जागोजागी फाटलेले! रागाच्या भरात त्याने ऑर्व्हिलला पत्र लिहून दोष दिला. नंतर कळले की सामान जकात अधिकाऱ्यांनी विस्कटले होते. ऑर्व्हिलची काहीच चूक नव्हती. एवढा शांत माणूस, पण तोही घाईत भावावर रागावला. मग कित्येक आठवडे तो दुरुस्ती करत राहिला. ८ ऑगस्टला ल मान्स येथे त्याने आकाशात वळणे घेतली, तेव्हा लोक थक्क झाले.

३० मे १९१२ रोजी विषमज्वराने विल्बरचे निधन झाले. तो केवळ ४५ वर्षांचा होता. १९०३ च्या त्या कापडाचा एक तुकडा १९६९ साली नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर नेला. दुसरा छोटा तुकडा ‘इंजेन्युइटी’ या लहानशा हेलिकॉप्टरला बांधलेला होता. १९ एप्रिल २०२१ रोजी ते मंगळावर उडाले.