विश्लेषण : फुटबॉल क्लबची किंमत नेमकी कशाची? मैदान राखून संघ गमावणाऱ्या जॉन हौल्डिंग यांची कहाणी

पुण्याच्या व्यंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. वर क्लबच्या डोक्यावरचे कर्जही अंगावर घेतले. त्याच्या महिनाभर आधी लिव्हरपूल हा क्लब ३० कोटी पौंडांच्या व्यवहारात अमेरिकी गुंतवणूकदारांकडे गेला होता. दोन्ही क्लब वायव्य इंग्लंडमधले, दोघांची स्वतःची जुनी मैदाने आणि दोघेही तेव्हा प्रीमियर लीगमध्ये. तरीही कर्ज धरून किमतीतला फरक कैक पटींचा! मग खरेदीदार पैसे मोजतो ते नेमके कशाचे? जमिनीचे, खेळाडूंचे की नावाचे? लिव्हरपूल शहरातल्या एका बीअर उत्पादकाने १८९२ मध्ये हा हिशेब मांडला होता. तो चुकला आणि त्या चुकीतूनच लिव्हरपूल क्लब जन्माला आला.

जॉन हौल्डिंग कोण होते?

जॉन हौल्डिंग यांचा जन्म १८३३ मध्ये लिव्हरपूलमध्ये झाला. वडील शहरातच गायी पाळून दूध विकत, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत गवळी. जॉन यांची शाळा अकराव्या वर्षी सुटली. पुढे ते बीअरच्या कारखान्यात कामाला लागले, तिथली विद्या शिकले आणि नंतर स्वतःचा कारखाना काढला. शहराच्या उत्तर भागात गोदी कामगारांची वस्ती झपाट्याने वाढत होती. कामगार वाढले तसा बीअरचा खप वाढला आणि हौल्डिंग श्रीमंत झाले.

पैशापाठोपाठ राजकारण आले. हुजूर पक्षाचे स्थानिक पुढारी, नगरसेवक, फ्रीमेसन मंडळींमधले वजनदार नाव अशी त्यांची चढती कमान होती. एव्हर्टन भागात त्यांचा शब्द एवढा चाले, की लोक त्यांना ‘किंग जॉन’ म्हणत. स्टॅन्ली पार्कसमोर त्यांचे घर होते. त्याच बागेत चर्चच्या काही तरुणांनी सुरू केलेला एव्हर्टन नावाचा क्लब फुटबॉल खेळत असे.

मैदान क्लबकडे कसे आले?

बागेतल्या सामन्यांना गर्दी होऊ लागली, पण बागेत तिकीट लावता येत नाही. एव्हर्टनने १८८३ मध्ये प्रायरी रोडवर एक मैदान भाड्याने घेतले. तिथल्या गोंगाटाला कंटाळून वर्षभरातच जमीनमालकाने क्लबला निघायला सांगितले. तेव्हा हौल्डिंग मदतीला आले. त्यांचे मित्र जॉन ऑरेल हेही बीअर उत्पादक होते आणि अ‍ॅनफिल्ड रोडला त्यांची मोकळी जमीन पडून होती. ती नाममात्र भाड्यावर क्लबला मिळाली आणि सप्टेंबर १८८४ मध्ये तिथे पहिला सामना झाला. हौल्डिंग क्लबचे अध्यक्ष झाले.

पुढच्याच वर्षी हौल्डिंग यांनी ही जमीन ऑरेल यांच्याकडून विकत घेतली. इथून पुढचा सगळा गुंता या एका व्यवहारातला आहे, कारण आता क्लबचा अध्यक्ष आणि क्लबचा घरमालक एकच माणूस होता. भाडे ठरवणारे तेच आणि ते मंजूर करणाऱ्या समितीचे प्रमुखही तेच. खेळाडू कपडे बदलत ते हौल्डिंग यांच्या सँडन हॉटेलात. मैदानात बीअर मिळे तीही हौल्डिंग यांच्याच कारखान्याची, दुसऱ्या कोणाला विक्रीची परवानगी नव्हती. त्या काळी क्लबच्या मालकाला नफा तिकिटातून नव्हे, तर असा आडवाटेने मिळत असे.

एव्हर्टनची मात्र भरभराट होत होती. १८८८ मध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या १२ संस्थापक क्लबांत एव्हर्टन होता (ब्लॅकबर्नही होता). १८९०-९१ च्या मोसमात एव्हर्टनने विजेतेपद पटकावले.

२५० पौंडांच्या भाड्यात एवढे काय होते?

सुरुवातीला १०० पौंड असलेले वार्षिक भाडे काही वर्षांत २५० पौंडांवर गेले. सभासद कुरकुरू लागले. त्यांची तयारी १८० पौंडांची होती. म्हणजे भांडण वर्षाला ७० पौंडांचे. विजेत्या क्लबसाठी ही रक्कम जीव काढणारी नव्हती. मग दोन्ही बाजू हट्टाला का पेटल्या?

भाड्यावरून मालमत्तेची किंमत कशी काढतात, हे पाहिले की उलगडा होतो. समजा, गुंतवणूकदाराला जमिनीवर वर्षाला ४ टक्के परतावा हवा आहे. मग २५० पौंड भाडे देणाऱ्या जमिनीची किंमत ६,२५० पौंड निघते. तीच जमीन १८० पौंड भाडे देत असेल तर किंमत ४,५०० पौंड. भाड्यातला ७० पौंडांचा फरक किमतीत १,७५० पौंडांचा होतो. (४ टक्के हा दर इथे फक्त उदाहरणादाखल.) हौल्डिंग यांना पुढे ही जमीन क्लबलाच विकायची होती. त्यामुळे भाडे जितके चढे, तितकी विक्रीची किंमत चढी.

या गणितात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे भाडेकरू जागा सोडून जाणार नाही. हौल्डिंग यांच्या जमिनीला मोल आले होते ते तिच्यावर एव्हर्टन खेळत होता म्हणून. उद्या एव्हर्टन उठून गेला, तर मागे उरणार होती चहूबाजूंना लाकडी गॅलऱ्या असलेली रिकामी जागा. ती पाडून चाळीवजा घरे बांधता आली असती, पण मग तिला घरांच्या जमिनीचाच भाव मिळाला असता.

प्रस्ताव का फसला?

१८९१ मध्ये ऑरेल यांनी मैदानालगतच्या आपल्या उरलेल्या जमिनीवर रस्ता काढायचे ठरवले. क्लबने बांधलेली गॅलरी त्या पट्ट्यात येत होती. हौल्डिंग यांनी तोडगा सुचवला, की क्लबची मर्यादित कंपनी करावी, भागभांडवल उभारावे आणि त्यातून त्यांची व ऑरेल यांची अशी दोन्ही जमीन विकत घ्यावी. किंमत ९ हजार पौंडांहून अधिक. कागदावर प्रस्ताव वाईट नव्हता. मैदान कायमचे क्लबचे झाले असते आणि दरवर्षीची भाड्याची कटकट मिटली असती.

पण सभासदांना त्यात विक्रेताही हौल्डिंगच दिसत होते आणि खरेदीदारही. आजच्या कंपनी कायद्याच्या भाषेत हा हितसंबंधांचा संघर्ष. विरोधकांचे नेते जॉर्ज माहोन पेशाने हिशेबनीस होते आणि मेथडिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. मद्यविरोधी मेथडिस्ट विरुद्ध बीअरवाले, असे या वादाचे वर्णन अनेकदा केले जाते. त्यात तथ्य असेलही, मात्र भांडणाच्या मुळाशी पैसा आणि क्लबवरचा ताबा होता, हे आकडेच सांगतात.

जानेवारी १८९२ मधल्या सभेत माहोन यांनी दुसऱ्या जागेचा विषय काढला. अशी जागा मिळणे शक्य नाही, असे विरोधी बाजूने हिणवले गेले. त्यावर माहोन यांनी सांगितले, की जागेचा करार त्यांच्या खिशातच आहे. स्टॅन्ली पार्कच्या पलीकडच्या अंगाला असलेली ही पडीक जागा म्हणजेच पुढचे गुडिसन पार्क. क्लबने ती ८,०९० पौंडांना घेतली. डॉ. जेम्स बॅक्स्टर या सभासदाने त्यासाठी १ हजार पौंड बिनव्याजी दिले. हौल्डिंग यांच्या प्रस्तावापेक्षा ही जागा स्वस्त होती आणि तिच्यावर कोणा एकाचा हक्क नव्हता.

१२ मार्च १८९२ रोजी सभासदांनी हौल्डिंग यांना पदावरून दूर केले. एव्हर्टन बाग ओलांडून निघून गेला. ऑगस्टमध्ये गुडिसनचे उद्घाटनही झाले.

नाव तरी हाती लागले का?

हौल्डिंग बेसावध नव्हते. वाद पेटलेला असतानाच त्यांनी एव्हर्टनच्या नावाने कंपनीची नोंदणी करून ठेवली होती. मैदान आपले, कंपनी आपली, म्हणजे क्लबही आपला, असा त्यांचा युक्तिवाद होता. फुटबॉल संघटनेने तो मान्य केला नाही. एव्हर्टन हे नाव आणि लीगमधली जागा सभासदांच्या क्लबकडे राहिली.

क्लब विकत घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने इथे थांबून पाहावे असा हा निर्णय आहे. आज एखाद्या क्लबचे मूल्य ठरवताना आधी वार्षिक उत्पन्न पाहतात. प्रक्षेपण हक्क, तिकिटे आणि जाहिराती यांतून येणाऱ्या या रकमेला काही पटींनी गुणले जाते. त्यात मैदान स्वतःचे असेल तर भर पडते, कर्ज असेल तर वजाबाकी होते. खेळाडूंच्या करारांचे मोल वेगळे धरतात. पण यातले जवळपास सगळे उत्पन्न वरच्या लीगमधल्या जागेवर टांगलेले असते. ती जागा गेली की प्रक्षेपणाचा पैसा आटतो आणि मैदान तेवढेच राहूनही किंमत कोसळते. ब्लॅकबर्न २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली घसरला, तेव्हा त्याच्या पुणेकर मालकांना हेच अनुभवावे लागले.

दुसरीकडे लिव्हरपूलचे मूल्य ‘फोर्ब्ज’ने २०२५ मध्ये सुमारे ५.४ अब्ज डॉलर धरले. यात अ‍ॅनफिल्डच्या जमिनीचा वाटा किरकोळ, मोठा वाटा जगभर सामने पाहणाऱ्या चाहत्यांचा. चाहते कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदवता येत नाहीत, ही खरेदीदाराची खरी अडचण.

रिकाम्या मैदानात संघ कुठून आला?

हौल्डिंग यांच्याकडे आता मैदान होते, पण त्यात खेळायला जवळपास कोणीच नव्हते. जमीन विकून मोकळे होणे हा सोपा मार्ग होता. वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी तो नाकारला. १५ मार्च १८९२ रोजी, म्हणजे एव्हर्टनमधून पायउतार झाल्यावर तीनच दिवसांनी, त्यांच्या घरी नव्या क्लबची बैठक झाली. जूनमध्ये त्याच्या लिव्हरपूल या नावाला सरकारदरबारी मान्यता मिळाली. हौल्डिंग यांनी पदरचे ५०० पौंड घातले. त्यांचे सहकारी जॉन मॅकेना स्कॉटलंडला जाऊन खेळाडू घेऊन आले. संघात ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावे इतकी, की त्याला मॅकमंडळींचा संघ असेच नाव पडले. अंगावर मात्र जर्सी निळ्या-पांढऱ्या. लिव्हरपूलचा प्रसिद्ध लाल रंग १८९६ मध्ये आला.

१ सप्टेंबर १८९२ रोजी पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यात या संघाने रॉदरहॅम टाउनला ७-१ असे हरवले. तेव्हा लिव्हरपूल मुख्य लीगमध्ये नव्हता, लँकेशर लीगमध्ये होता. ती पहिल्याच मोसमात जिंकून १८९३ मध्ये त्याने मुख्य लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळवला. तिथे अख्ख्या मोसमात एकही सामना न हरता तो पहिल्या श्रेणीत पोहोचला. ऑक्टोबर १८९४ मध्ये गुडिसन पार्कवर दोन्ही क्लब लीगमध्ये प्रथमच समोरासमोर आले. एव्हर्टनने तो सामना ३-० असा जिंकला. अ‍ॅनफिल्डच्या जमिनीला पुन्हा भाडेकरू मिळाला होता, फरक इतकाच की या वेळी तो मालकाने स्वतः घडवला होता.

हौल्डिंग १८९७ मध्ये लिव्हरपूलचे लॉर्ड मेयर झाले. १९०१ मध्ये त्यांच्या क्लबने पहिले लीग विजेतेपद जिंकले. पुढच्या वर्षी, मार्च १९०२ मध्ये, दक्षिण फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले. अ‍ॅनफिल्ड आणि गुडिसन, दोन्ही मैदानांवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले. अंत्ययात्रेत लिव्हरपूलच्या खेळाडूंबरोबर एव्हर्टनच्या खेळाडूंनीही शवपेटीला खांदा दिला.