दर आठवड्याला एक पेनी

तिसऱ्या वर्षाला सेमिनार असतो आणि चांगले विषय आधीच्या रोल नंबरांनी पळवलेले असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. माझ्या वाट्याला आला विजेचा इतिहास. सरांची अट एकच होती, फ्रँकलिनच्या पतंगापलीकडचं काहीतरी हवं. म्हणून लायब्ररीत खोदकाम सुरू केलं आणि एक भलतंच नाव हाती लागलं.

१७६० साली लंडनमध्ये विजेवर एक छोटं पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. लेखक शास्त्रज्ञ नव्हता, तर ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. जॉन वेस्ली! १७५६ मध्ये त्याने घर्षणाने वीज तयार करणारं एक यंत्र मिळवलं आणि गोरगरीब रोग्यांना त्याचे हलके झटके फुकट द्यायला सुरुवात केली. गर्दी इतकी वाढली की लंडनच्या चार भागांत चार ठिकाणी सोय करावी लागली. आजचा डॉक्टर हे ऐकून हसेल, ते सोडा. सेमिनारमध्ये वेस्लीला जेमतेम एक स्लाईड मिळाली, पण माणूस काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या समाजसेवेच्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी १८० जणांनी नावं नोंदवली. रक्तदान झालं, जवळच्या गावात श्रमदान झालं, बॅनरसकट फोटो झाले. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा श्रमदानाला सगळ्यांच्या आधी यायचा आणि फावडी, घमेली मोजून जागेवर ठेवूनच परत जायचा. जानेवारीत प्रमाणपत्रांची यादी करायला बसलो तेव्हा कळलं की दिवाळीनंतर तो कॉलेजला आलेलाच नाही. तीन विषय राहिले होते, घरी वडील आजारी होते. हेही त्याच्या रूम पार्टनरने सांगितलं म्हणून कळलं. १८० जणांच्या ग्रुपमध्ये अडीच महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि ग्रुपचा सेक्रेटरी मी होतो.

तर त्यानंतर मी वेस्लीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो.

त्याचा जन्म १७०३ सालचा, इंग्लंडमधल्या एपवर्थ या गावचा. वडील तिथले रेक्टर. (रेक्टर म्हणजे हॉस्टेलचे नव्हेत! तिकडे गावच्या चर्चच्या धर्मगुरूला रेक्टर म्हणतात.) आईचं नाव सुझॅना. तिला एकोणीस मुलं झाली, त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. १७०९ च्या फेब्रुवारीत घराला आग लागली. सगळे बाहेर पडले आणि पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला. शिडी आणायला वेळ नव्हता. एक शेजारी दुसऱ्याच्या खांद्यावर चढला, पोराला खिडकीतून ओढून काढलं आणि मागोमाग छप्पर कोसळलं.

मला मात्र आगीपेक्षा त्याच्या आईचं वेळापत्रक जास्त आवडलं. एवढ्या मुलांच्या रगाड्यात तिने प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ वाटून दिली होती. त्या वेळी त्या एकट्याशी बोलायचं, त्याचं काय चाललंय ते विचारायचं. जॉनचा वार गुरुवार. १७११-१२ च्या हिवाळ्यात वडील कामासाठी लंडनला होते तेव्हा ती रविवारी संध्याकाळी घरातल्यांसाठी प्रार्थना घ्यायची. शेजारी यायला लागले, मग शेजाऱ्यांचे शेजारी. माणसं दोनशेपर्यंत गेली. बाईमाणसाने असं करावं का, म्हणून तक्रार लंडनला पोचली. नवऱ्याने बंद करायला सुचवलं, पण ती बधली नाही. मुलाने पुढे जे केलं त्याचं बी मला तरी इथे दिसतं.

जॉन ऑक्सफर्डला शिकला, तिथेच अध्यापक झाला. धाकटा भाऊ चार्ल्स आणि दोन-चार मित्र एकत्र जमून वाचन-प्रार्थना करायचे. १७२९ पासून त्यांची सूत्रं जॉनकडे आली. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या मॉर्गन नावाच्या मित्राने सगळ्यांना तुरुंगात नेलं. तिथे बारीकसारीक कर्जापायी माणसं सडत होती. या पोरांनी कैद्यांना वाचायला शिकवलं, काहींची देणी फेडली, गरीब मुलांना शिकवण्याची सोय केली. सगळं वेळ लावून, नियमाने. म्हणून बाकीची मुलं त्यांना चिडवायची, हे बघा मेथडवाले, मेथॉडिस्ट! हॉस्टेलमध्ये पडलेलं टोपणनाव कसं चिकटतं ते आपल्याला माहीत आहेच. इथे तर ते एका अख्ख्या पंथाला चिकटलं.

मधली काही वर्षं फसलेली आहेत. १७३५ मध्ये तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत गेला. तिथे त्याचं एका मुलीवर प्रेम बसलं, त्याचं ठरता ठरेना, तिने दुसऱ्याशी लग्न केलं. मग या साहेबांनी तिला चर्चमधल्या प्रभुभोजनाचा प्रसाद नाकारला! प्रकरण कोर्टात गेलं आणि तो इंग्लंडला परतला. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत त्याला मनाची खात्री पटली, असं त्याच्या चरित्रांत ठळकपणे येतं. तो त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. मी त्यावर काय बोलणार! पण ती सभाही मूठभर माणसांचीच होती, एवढं टिपून ठेवलं.

१७३९ मध्ये मित्र जॉर्ज व्हिटफील्डने त्याला ब्रिस्टलला बोलावलं. तिथे व्हिटफील्ड उघड्यावर, खाणकामगारांपुढे बोलायचा. चर्चबाहेर उपदेश करणं वेस्लीला आधी चमत्कारिक वाटलं, तरी २ एप्रिलला तो उभा राहिला आणि पुढे आयुष्यभर उभाच राहिला. व्हिटफील्डचा आवाज म्हणजे नैसर्गिक ॲम्प्लिफायर. पुढे अमेरिकेत आपल्या फ्रँकलिननेच त्याच्या सभेत मागे मागे चालत जाऊन आवाज कुठवर पोचतो ते पाहिलं आणि तीस हजारांच्या वर माणसं ऐकू शकतील असा हिशोब मांडला. वेस्लीकडे तसा आवाज नव्हता. पण व्हिटफील्डने माणसं जमवली आणि सोडून दिली, वेस्लीने ती बांधली. ही बांधणी कशी झाली तो किस्सा तर भारीच आहे.

ब्रिस्टलमध्ये त्यांनी सभेसाठी इमारत बांधली होती आणि डोक्यावर कर्ज होतं. १५ फेब्रुवारी १७४२ ला बैठक बसली. विषय, पैसे कुठून आणायचे. फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, अर्ध्यांना तेही परवडणार नाही. त्यावर त्याने स्वतःसाठी अकरा सगळ्यात गरीब माणसं मागितली. दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन पेनी घेईन, कोणाकडे नसेल तर पदरची घालीन, अशी तयारी दाखवली. तसेच बाकीचेही तयार झाले. अकरा आणि एक, बारा जणांचा एक गट. त्याला नाव पडलं क्लास. (आपल्याकडे क्लास म्हणजे ट्यूशन, तसला नव्हे.)

म्हणजे मुळात ही वर्गणी गोळा करायची पद्धत होती हो! पण दारात गेल्यावर माणूस नुसती पेनी घेऊन परत येत नाही. कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोण पुन्हा दारूकडे वळलाय, कोणाच्या घरात भांडण आहे, हे सगळं दिसायला लागलं. गटप्रमुख हे येऊन वेस्लीला सांगायला लागले आणि त्याच्या लक्षात आलं की आपण जे शोधत होतो ते हेच. महिन्याभरात लंडनलाही तसेच गट पाडले. घरोघर फिरण्यात अडचणी होत्या. वेळ फार जायचा, काही जण मोठ्या घरांत नोकर होते आणि मालक भेटू देत नसत. म्हणून पुढे बारा जणांनीच आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते सांगायचं. पेनी चालूच राहिली.

हे गटप्रमुख कोण? कारागीर, मजूर, मोलकरणी. ज्यांना गावात कोणी खुर्ची देत नसे अशी माणसं अकरा जणांची जबाबदारी घ्यायला शिकली, हिशोब ठेवायला शिकली. बायकाही प्रमुख होत्या. सारा क्रॉस्बी १७६१ मध्ये डर्बी गावात गट घ्यायला गेली तर समोर दोनशेच्या आसपास माणसं. बारा जणांशी बोलायची तयारी, एवढ्यांना एकेकटं विचारणार कसं? तिने सगळ्यांना मिळून उपदेश केला आणि मग घाबरून वेस्लीला पत्र लिहिलं. बाईने उपदेश करणं तेव्हा बसत नव्हतं. त्याने तिला थांबवलं नाही. आईची आठवण आली असेल का? मला वाटतं, आली असेल.

गट उभे राहिल्यावर सेवेची कामं त्यांच्यावर बसवता आली. लंडनचे २३ भाग पाडले, ४६ माणसं नेमली, प्रत्येक भागात दोघं, आणि प्रत्येक आजाऱ्याला आठवड्यातून तीनदा भेटायचं. १७४६ च्या अखेरीस दवाखाना काढला, पाच महिन्यांत पाचशेच्या वर लोकांना औषध मिळालं. त्याच वर्षी उसने पैसे देणारा फंड काढला. भांडवल ३० पौंड १६ शिलिंग. एका वेळी फक्त वीस शिलिंग द्यायचे, तीन महिन्यांत दर आठवड्याच्या हप्त्याने फेडायचे. दीड वर्षात एवढ्याशा रकमेतून २५५ जणांना मदत झाली. आपल्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना हे गणित चटकन कळेल. लॅकिंग्टन नावाच्या एका जोडे शिवणाऱ्याने पुढे याच फंडातून पाच पौंड घेऊन पुस्तकांचं दुकान वाढवलं आणि तो लंडनमधला नामांकित पुस्तकविक्रेता झाला. नंतर त्याने मेथॉडिस्टांना भरपूर नावंही ठेवली, तो भाग वेगळा!

पण वेस्ली म्हणजे नुसता गोड माणूस होता असं समजू नका. तो जबरदस्त हुकूमशहा होता. सभासदत्वाचं तिकीट दर तीन महिन्यांनी नवं, आणि चौकशीत नापास झालात तर बाहेर. १७४३ मध्ये न्यूकॅसलमध्ये त्याने ६४ जणांना काढलं. सतरा दारूसाठी, एक बायकोला मारल्याबद्दल, आणि एकोणतीस जण फक्त उथळपणा आणि बेफिकिरी म्हणून! हा नियम लावला तर आमचं हॉस्टेल रिकामं होईल. स्वतःचा संसार त्याला जमला नाही. १७५१ मध्ये लग्न केलं, पण हा कायम घोड्यावर, बायको वैतागून सोडून गेली. लगाम सैल सोडून घोड्यावर बसल्या बसल्या पुस्तक वाचायचा म्हणे. हजारो लोकांच्या घरची खबर ठेवणाऱ्या माणसाला आपल्या घरची ठेवता आली नाही, हे मला खटकतं आणि ते झाकायची गरज वाटत नाही.

१७७४ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली. २४ फेब्रुवारी १७९१ ला, म्हणजे मरणाच्या सहा दिवस आधी, गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या विल्बरफोर्सला धीर देणारं पत्र लिहिलं. २ मार्चला तो गेला. वय ८७. इच्छापत्राप्रमाणे त्याला सहा गरीब माणसांनी खांदा दिला, प्रत्येकी एक पौंड मजुरीवर. तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्याचे सत्तर हजारांवर सभासद होते. १८३४ मध्ये टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलं. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथॉडिस्ट उपदेशकच होता. वेस्ली स्वतः राजाचा पक्का माणूस, त्याला हे रुचलं असतं असं नाही. पण बैठक कशी घ्यायची, वर्गणी कशी जपायची हे त्या मजुरांना आयतं हाती आलेलं होतं. आपल्या मुंबईतही विल्यम टेलर नावाचा अमेरिकन मेथॉडिस्ट १८७१ मध्ये आला आणि त्याने घराघरांतून असेच छोटे गट सुरू केले.

आता आमचं. या वर्षी मी बॅनर छापला नाही. नावं आली साठ. त्यांचे बाराबाराचे पाच गट केले. आठवड्याला पाच रुपये, तेही मोबाईलवरून पाठवायचे नाहीत, गटप्रमुखाने रूमवर किंवा घरी जाऊन हातात घ्यायचे. पोरांनी चिकार टिंगल केली. मला दोन महिने सगळे पेनी म्हणून हाक मारत होते. पहिल्याच महिन्यात दोन गट मोडले, त्यातल्या एकाला तर प्रमुखच सापडेना. तीन गट टिकलेत. माझा वार गुरुवार, तो मात्र मुद्दाम निवडला.

त्या मुलाचा फोन लागेना म्हणून सबमिशन संपल्यावर आम्ही दोघं एस.टी.ने त्याच्या गावी गेलो. तो मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसलेला होता. आम्हाला बघून आधी चहा सांगितला, बाकीचं नंतर. राहिलेले विषय द्यायची त्याची तयारी आहे. फॉर्म आणि मागच्या बाकीसाठी दोन हजार कमी पडत होते, ते तिन्ही गटांच्या डब्यांतून काढले. फुकट नकोत असं त्यानेच सांगितलं. आठवड्याला शंभर रुपये ठरले. वेस्लीच्या हिशोबाने तीन महिन्यांत फिटायला हवेत, पण त्याला ते झेपणार नाही, म्हणून वीस आठवडे धरलेत. पहिले दोन हप्ते आले आहेत.