घरासाठी एस्प्रेसो मशीन घेताय? आधी अकिल्ले गाज्जा या माणसाची गोष्ट वाचा

आमच्या यवतमाळात एस्प्रेसो म्हटलं की अजूनही लग्नाचं रिसेप्शन आठवतं. कोपऱ्यात स्टीलचं चकचकीत मशीन, फुस्सकन येणारी वाफ, फेसाळ दूध आणि वर चिमूटभर कोको पावडर. लहानपणी आपण सगळेच त्या रांगेत दोन-दोनदा उभे राहिलोय. पण ती खरी एस्प्रेसो नाही. ती इन्स्टंट कॉफी घातलेलं, वाफेने फेसाळलेलं गोड दूध असतं. मस्त लागतं, पण गोष्ट वेगळी आहे.

हा फरक मला महागात पडला. गेल्या वर्षी आईची भिशी लागली, तेव्हा तिच्याकडून मी 6,000 रुपये मागून घेतले. विचार असा होता की घरी मशीन आणून हात बसवायचा आणि जमलं तर दारव्हा रोडला संध्याकाळी कॉफीची छोटी गाडी लावायची. ऑनलाइन एक मशीन दिसलं, बॉक्सवर एस्प्रेसो लिहिलेलं, किंमत बजेटमध्ये. घेऊन टाकलं. पहिली कॉफी काढली तर जळकट, कडू आणि पाण्यासारखी पातळ. बाबांनी एक घोट घेतला आणि कप गुपचूप खाली ठेवला. आई काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

चूक कुठे झाली ते शोधत बसलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव अकिल्ले गाज्जा. कॉफी मशीनच्या दुकानात गॅजिया असं नाव वाचलं असेल, ते ह्याचंच आडनाव. माझ्या स्वयंपाकघरात जी जळकट कॉफी निघाली, तीच कॉफी सुधारण्यात ह्या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. म्हणून आज मशीनचे फीचर्स नंतर, आधी त्याची गोष्ट.

गाज्जाच्या आधी काय होतं?

गाज्जाचा जन्म 1895 चा, इटलीतल्या मिलान शहरातला. त्याच्या जन्माच्या आधीच, 1884 मध्ये, तुरिन शहरातल्या अँजेलो मोरिओंदो याने वाफेवर कॉफी काढणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं होतं. पुढे 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एकेका कपासाठी ताजी कॉफी काढणारं मशीन पेटंट केलं. ते हक्क देसिदेरियो पावोनीने विकत घेतले आणि अशी मशीन्स बनवून विकायला सुरुवात केली.

त्या काळासाठी ही मोठी गोष्ट होती. गिऱ्हाईक आलं, ऑर्डर दिली, थोड्या वेळात कप हातात. एस्प्रेसो या शब्दातच ही घाई आणि खास त्या गिऱ्हाइकासाठी बनवणं, दोन्ही आलं. म्हणजे गाज्जा लहान होता तेव्हा त्याच्या शहरात हे नवं मशीन नुकतंच रुळत होतं.

पण त्यात एक दोष होता, आणि तो समजायला आपल्या घरचा कुकर पुरेसा आहे. कुकरमध्ये पाणी 100 अंशांवर थांबत नाही. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाबासोबत तापमानही वाढून 120 अंशांच्या आसपास जातं. त्या जुन्या मशीनमध्येही तेच व्हायचं. दाब मिळायचा जेमतेम दीड-दोन बार (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब), पण त्यासाठी पाणी उकळत्या पाण्याहून जास्त तापलेलं असायचं. कॉफीला हवं असतं 90 ते 96 अंशांचं पाणी. मग कॉफी जळणार नाही तर काय होणार?

बारच्या काउंटरमागचा माणूस

गाज्जा कुठल्या मोठ्या कॉलेजातला प्रोफेसर नव्हता. मिलानमध्ये त्याच्या घरचा कॉफी बार होता आणि तो त्याच काउंटरमागे उभा राहायचा. आपल्याकडे टपरीवाल्याला चहा कधी उतू जाईल ते आवाजावरून कळतं, तसा तो रोज शेकडो कप काढत असणार. जळकट चव हा त्याच्यासाठी पुस्तकातला प्रॉब्लेम नव्हता, समोरच्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर दिसणारा प्रॉब्लेम होता.

त्याच्या डोक्यात आलेली गोष्ट ऐकायला सोपी आहे: वाफ आणि दाब वेगळे करा. पाणी तापवायचं काम एकाने करावं आणि पाणी ढकलायचं काम दुसऱ्याने.

हे का गरजेचं होतं, ते आकड्यात बघा. चांगल्या एस्प्रेसोला साधारण 9 बार दाब लागतो. कारच्या टायरमध्ये साधारण 2 बारच्या वर हवा असते, म्हणजे त्याच्या चौपट धरा. एवढा दाब नुसत्या वाफेने आणायचा तर पाणी सुमारे 180 अंशांपर्यंत तापवावं लागेल. त्या पाण्याने कॉफीचा कोळसाच होईल. म्हणजे वाफेच्या रस्त्याने कितीही चालला असता, तरी तो पोचलाच नसता. रस्ताच बदलायला हवा होता.

सप्टेंबर 1938 मध्ये त्याने वाफेशिवाय कॉफी काढणाऱ्या यंत्रणेचं पेटंट मागितलं. तेव्हा तो त्रेचाळिशीच्या आसपास होता. पण पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं, 1940 मध्ये इटली त्यात उतरली आणि मिलानवर बॉम्ब पडू लागले. कॉफीच मिळेना, तिथे कॉफीच्या मशीनला कोण विचारणार! हातात आयडिया आहे आणि बाजारच बंद, अशी वर्षं त्याने काढली.

दांडा, स्प्रिंग आणि वरची साय

युद्ध संपल्यावर 1947 मध्ये त्याने सुधारलेलं डिझाइन पेटंट केलं. जगाने लक्षात ठेवलं ते हेच. मशीनच्या पुढे एक लांब दांडा. आपली गावाकडची हापशी आठवा. दांडा खाली ओढला की आत पिस्टन वर जातो, जाड स्प्रिंग दाबली जाते आणि गरम पाणी कॉफीच्या वरच्या जागेत येतं. दांडा सोडला की स्प्रिंग मोकळी होते आणि पिस्टनला खाली रेटते. दाब 8-9 बारच्या घरात, आणि तोही पाणी जास्त न तापवता!

कपात जे पडलं ते आधी कोणी पाहिलं नव्हतं. घट्ट काळी कॉफी आणि वर सोनेरी-तपकिरी फेसाचा थर. आज आपण त्याला क्रेमा म्हणतो. कॉफीतला कार्बन डायऑक्साइड आणि तेलाचे बारीक कण दाबामुळे एकत्र येऊन हा थर होतो.

आता गंमत बघा. ज्या क्रेमाचे फोटो आज इन्स्टाग्रामवर लाइक घेतात, तो बघून सुरुवातीला लोक बिचकले. हा वर कसला मळकट फेस, असं वाटलं त्यांना. गाज्जाने तो फेस लपवला नाही, उलट तेच नाव केलं. कॉफीची नैसर्गिक साय, अशा अर्थाचे इटालियन शब्द त्याच्या मशीनवर झळकू लागले. नवीन टेक्नॉलॉजी आणणाऱ्याला ती लोकांना समजावूनही सांगावी लागते, हे त्याला बरोबर कळलं होतं.

1948 मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. एर्नेस्तो व्हालेन्ते याच्या फाएमा कंपनीसोबत काही काळ काम झालं, मग दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1950 च्या दशकात दांड्याची ही मशीन्स इटलीबाहेरही पोचली. एस्प्रेसोचा कप छोटा, साधारण 30 मिलिलिटरचा का असतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. त्या पिस्टनखाली पाणीच तेवढं मावायचं!

याच दशकात गाज्जाने घरी वापरायचं छोटं मशीनही काढलं. नाव दिलं गिल्डा, रिटा हेवर्थच्या गाजलेल्या सिनेमावरून. म्हणजे घरासाठी एस्प्रेसो मशीन ही आजच्या रीलवाल्यांची फॅशन नाही, ती 1950 च्या दशकापासूनची आहे.

गाज्जा 1961 मध्ये वारला. त्याच वर्षी फाएमाने ई 61 हे मशीन आणलं, ज्यात दांड्याच्या जागी इलेक्ट्रिक पंप होता. ज्या दांड्याने त्याचं नाव झालं, तो दांडा त्याच्या मृत्यूच्या वर्षीच मागे पडायला लागला. पण दाबाचा आकडा मात्र तोच राहिला. आज कुठलंही चांगलं मशीन 9 बारच्या आसपासच कॉफी काढतं.

मग आपण मशीन कसं निवडायचं?

गाज्जाची गोष्ट वाचल्यावर माझी चूक दोन मिनिटांत कळली. मी पैसे देऊन 1947 च्या आधीचं मशीन घरी आणलं होतं! म्हणून आता बॉक्सवरचं नाव बघू नका. फक्त एवढं विचारा: दाब तयार कोण करतंय?

1. वाफ करत असेल तर सोडा. ओळख सोपी आहे. वरून पाणी ओतून झाकण घट्ट फिरवायचं, खाली काचेचा छोटा जग, आणि जाहिरातीत 3.5 बारसारखा आकडा. माझं मशीन हेच होतं. याच चवीसाठी गॅसवरचा मोका पॉट घ्या, तो स्वस्त पडतो आणि बिघडायला त्यात फारसं काही नसतं.

2. पंप करत असेल तर 15 किंवा 20 बारच्या आकड्याला भुलू नका. ती पंपाची कमाल ताकद आहे. कॉफीवर 9 च्या आसपास हवेत, म्हणून चांगल्या मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. 20 म्हणजे 15 पेक्षा भारी, असं काही नसतं.

3. बास्केट बघा. खाली एकच बारीक छिद्र असेल तर ते डबल वॉल बास्केट. ते कुठल्याही पावडरीतून फेस काढतं, पण तो गाज्जाचा क्रेमा नाही. ग्राइंडर नसेल तर सुरुवातीला चालेल, पण सोबत साधं सिंगल वॉल बास्केट मिळतंय का ते बघून घ्या.

4. सगळं बजेट मशीनवर उडवू नका. ग्राइंडरसाठी बाजूला ठेवा. साधारण 18 ग्रॅम कॉफीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम एस्प्रेसो निघाली पाहिजे. हे जुळतं ते दळण्यावर. जाड दळलं तर पाणी धो-धो निघून जातं, फार बारीक दळलं तर थेंबही पडत नाही.

आता आपल्या भागाचं बोलू. यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्याने हीटरच्या रॉडवर पांढरा थर कसा चढतो, ते घरोघरी माहीत आहे. तोच थर मशीनच्या बॉयलरमध्ये चढतो, म्हणून त्यात फिल्टरचंच पाणी घाला. दुसरं म्हणजे लाइट. पंपवालं मशीन 1,000 वॉटच्या वर खेचतं, घरचा 850 व्हीएचा इन्व्हर्टर त्याला पुरणार नाही. तिसरं, सर्व्हिस सेंटर. ऑर्डर करण्याआधी जवळचं सेंटर अमरावतीला आहे, नागपूरला आहे की थेट पुण्याला, हे विचारून घ्या.

हे सगळं पाहून मी शेवटी विजेशिवाय चालणारं हाताच्या दांड्याचं छोटं मशीन घेतलं, सोबत हाताने फिरवायचा ग्राइंडर. पाणी गॅसवर तापवतो, दांडा स्वतः दाबतो. लाइट गेली तरी कॉफी होते. यात स्प्रिंग नाही, स्प्रिंगचं काम माझा हात करतो. पण पाणी तापवणारा वेगळा आणि ढकलणारा वेगळा, ही युक्ती गाज्जाचीच. तोटाही सांगतो. एका वेळी एकच कप निघतो आणि दूध वेगळं फेसाळावं लागतं. घरी रोज पाच-सहा कप लागत असतील तर पंपवालंच घ्या.

सुरुवातीचे पंधरा दिवस कॉफी कधी आंबट, कधी कडू निघाली. आता बरी निघते. बाबांना अजूनही काळी कॉफी नको असते, पण दूध-साखर घातली की कप रिकामा होतो. दारव्हा रोडची गाडी अजून लागलेली नाही, कारण एकेक कप काढून धंदा होत नाही, हे मला आता कळलंय. आईचे 6,000 मात्र मी दर महिन्याला थोडे-थोडे परत करतोय. तिने मागितले नाहीत, तरीही.

तुमच्या घरात कोणी एस्प्रेसो मशीन कार्टमध्ये टाकून ठेवलं असेल, तर पेमेंट करण्याआधी त्याला हा लेख नक्की पाठवा.