अशोकाचे स्तंभ बोलते करणारे जेम्स प्रिन्सेप

राष्ट्रध्वजावर चक्र आहे, नोटेवर सिंहमुद्रा आहे. सम्राट अशोक कोण, हे आज शाळकरी पोरही सांगते. पण दोनशे वर्षांपूर्वी त्याचे स्तंभ या देशात उघड्यावर उभे होते आणि ते कोणाचे, हे सांगणारा माणूस नव्हता. लोक त्यांना भीमाची लाठी म्हणत. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याचा स्तंभ दिल्लीला आणला, पंडितांना बोलावून लेख वाचायला सांगितला. कोणालाही तो वाचता आला नाही. विद्येची मक्तेदारी सांगणाऱ्यांची ही विद्या! पुराणांनी अशोकाला मौर्यांच्या वंशावळीतले एक नाव करून ठेवले होते. त्याने अभिमानाने धारण केलेल्या देवानंप्रिय या बिरुदाचा अर्थ तर पुढच्या संस्कृत वैयाकरणांनी मूर्ख असा लावला. हे विस्मरण आपोआप घडले, असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

ते पुसले गेलेले नाव परत मिळवून दिले टांकसाळीतल्या एका नोकराने. जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांना स्थापत्यशास्त्र शिकायचे होते, पण डोळे बिघडले म्हणून ते सोडून धातूंची पारख शिकले. १८१९ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्ता टांकसाळीत रुजू झाले आणि पुढची दहा वर्षे बनारसच्या टांकसाळीत काढली. तिथे त्यांनी शहराचा नकाशा केला, साचलेले पाणी काढून देणारा बोगदा बांधला, कर्मनाशा नदीवर दगडी पूल उभारला. या नदीच्या पाण्याला स्पर्श झाला की पुण्य नष्ट होते, अशी समजूत! माणसांना अस्पृश्य ठरवणाऱ्यांनी नदीलाही सोडले नव्हते.

माणूस मुळात वजनमापाचा. भट्टीची उष्णता अचूक मोजण्याची रीत त्यांनी शोधली आणि १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवले. १८३२ पासून ते एशियाटिक सोसायटीचे सचिव आणि तिच्या नियतकालिकाचे संपादक होते. दिवसा टांकसाळ, उरलेल्या वेळात नाणी आणि शिलालेखांचे ठसे. देशभरातले अधिकारी ठसे पाठवीत, ते छापत आणि प्रत्येक अक्षर मोजून तक्ते करीत. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहारमधील स्तंभांवर एकच मजकूर आहे, हे त्यांना १८३४ मध्येच कळले होते. पण तो मजकूर काय, हे कळत नव्हते.

किल्ली सापडली सांचीला, १८३७ मध्ये. तिथल्या स्तूपाच्या कठड्यावर छोटे छोटे लेख आहेत. त्यांचे ठसे छपाईसाठी मांडताना प्रिन्सेप यांच्या लक्षात आले, की बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. एवढे लेख एकाच शब्दाने संपतात, तर राजाचे पराक्रम त्यात नसणार. देणगी देणाऱ्यांची नावे असणार. शेवटचा शब्द दानं, आणि त्याच्या आधी येणारे स म्हणजे अमुक माणसाचे! द, न, अनुस्वार हाती आले आणि काही आठवड्यांत ब्राह्मी लिपी उलगडली. ग्रीक राजा अगाथोक्लीझच्या नाण्यावरील ब्राह्मी नाव जर्मन पंडित लासेन यांनी आधीच वाचले होते, हेही नमूद केले पाहिजे.

सांचीला दान देणारे कोण होते? भिक्षू, भिक्खुणी, व्यापारी, गृहिणी, विदिशेचे हस्तिदंत कोरणारे कारागीर. अशोकापर्यंतचा रस्ता या कष्टकरी उपासक-उपासिकांच्या नावांवरून गेला. आपल्या विहारांतून ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

लेख वाचले, तरी त्यातला देवानंपिय पियदसि कोण? प्रिन्सेप यांना आधी तो श्रीलंकेचा राजा वाटला. सिलोनमध्ये पाली ग्रंथ अभ्यासणारे जॉर्ज टर्नर यांनी दीपवंसाच्या आधारे त्याच वर्षी कळवले, की पियदसि म्हणजे अशोक. भारतातल्या ग्रंथांनी जे नाव धूसर केले, ते श्रीलंकेच्या भिक्खूंनी जपून ठेवले होते. पुढे गिरनारचा लेख हाती आला. त्याचा ठसा घेतला होता मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी, ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीवर आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, रस्त्यांवर झाडे, विहिरी, असा कारभार करणारा राजा त्या खडकावर होता. अंतियोक आणि तुरमाय ही ग्रीक राजांची नावेही होती, त्यामुळे अशोकाचा काळ पक्का झाला.

प्रिन्सेप कंपनीचे नोकर होते आणि कंपनी इथे लुटीसाठीच आली होती, हे विसरायचे कारण नाही. पण त्यांनी स्वतः झिजून काम केले. १८३८ मध्ये डोकेदुखीने ते कोसळले. त्यांना इंग्लंडला नेले, पण प्रकृती सुधारली नाही आणि २२ एप्रिल १८४० रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते वारले. कलकत्त्याच्या गंगेकाठी १८४३ मध्ये त्यांच्या नावाचा घाट बांधला गेला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले तरुण लष्करी अधिकारी अलेक्झांडर कनिंगहॅम पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले.

आपल्या नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये मिळाला. आणि १९१५ मध्ये रायचूरजवळच्या मस्कीला एका खडकावर देवानंपिय या बिरुदाबरोबर अशोक हे नाव सापडले. टर्नर यांनी पोथीवरून सांगितलेले नाव ७८ वर्षांनी दगडावर वाचता आले.