शेख रशीद बिन सईद : खाडीकाठचा कारभारी, संघराज्याचा पंतप्रधान

दुबईतील रशीद बंदर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांचा जन्म १९१२ सालचा. त्याच वर्षी त्यांचे वडील शेख सईद दुबईचे शासक झाले. त्या काळी मोत्यांच्या व्यापारावर जगणारे हे खाडीकाठचे लहानसे नगर होते. पुढे जपानमध्ये मोत्यांची पैदास होऊ लागली, त्यातच १९२९ ची जागतिक मंदी आली आणि या व्यापाराचा कणा मोडला.

या हलाखीतून १९३८ मध्ये व्यापारी आणि शासक घराण्यातीलच काही मंडळींनी राजसत्तेवर मर्यादा घालणारी मजलिस स्थापन केली. मार्च १९३९ मध्ये रशीद यांच्या विवाहाच्या दिवशी देरा भागात जमलेल्या बेदुईन पाठीराख्यांनी ती चळवळ बळाने मोडून काढली. त्यात रक्तही सांडले. त्या मजलिसीने आखलेल्या नागरी सुधारणांपैकी अनेक मात्र पुढे रशीद यांनीच अमलात आणल्या.

वडिलांच्या उतारवयात प्रत्यक्ष कारभार त्यांच्याच हाती होता. १९५८ मध्ये ते रीतसर शासक झाले. खाडी गाळाने भरत चालली होती आणि तेल अद्याप सापडलेले नव्हते. अशा वेळी कर्जरोखे काढून आणि कुवेतकडून कर्ज घेऊन त्यांनी गाळ उपसण्याचे काम तडीस नेले. १९६० मध्ये विमानतळ सुरू झाला, तर १९६३ मध्ये खाडीवर पहिला पूल उभा राहिला. तेलाचा शोध लागला तो १९६६ मध्ये. उत्पन्नाआधी सोयी उभारायच्या, हेच त्यांच्या अर्थनीतीचे सूत्र होते.

त्या वेळी दुबईच्या बाजारात रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चाले. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा दुबईने त्याची साथ सोडून कतारसह नवा रियाल स्वीकारला. मुंबईशी असलेला व्यापार मात्र तुटला नाही.

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने आखातातून माघार घेण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात शेख रशीद आणि अबू धाबीचे शेख झायेद यांची वाळवंटात भेट होऊन संघराज्याचा पाया घातला गेला. सीमेच्या प्रश्नावरून या दोन घराण्यांत पूर्वी लढाई झाली होती. म्हणून या समझोत्याचे मोल अधिक. बहारीन आणि कतार यांनी स्वतंत्र वाट धरली. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिरातींचे संघराज्य जन्मास आले आणि शेख रशीद उपराष्ट्रपती झाले. रास अल खैमा १९७२ च्या फेब्रुवारीत सामील झाली.

खरी कसोटी पुढेच होती. १९७८ मध्ये सर्व सैन्यदले एका नेतृत्वाखाली आणण्याचा निर्णय झाला, त्याला दुबईने विरोध केला. केंद्र बळकट असावे असे अबू धाबीचे मत, तर आपले उत्पन्न आणि कारभार आपल्याच हाती राहावा हा दुबईचा आग्रह. संघराज्य टिकते की नाही, अशी वेळ आली. अखेर कुवेतच्या मध्यस्थीने तोडगा निघाला आणि १९७९ मध्ये शेख रशीद यांनी पंतप्रधानपद स्वीकारले. केंद्राच्या अधिकारांविषयी साशंक असलेल्या नेत्यावरच केंद्राची जबाबदारी आली. जेबेल अली बंदर, सुकी गोदी आणि जागतिक व्यापार केंद्राची इमारत, ही कामेही त्याच वर्षी लोकांसमोर आली.

१९८१ मध्ये आलेल्या गंभीर आजारपणानंतर दैनंदिन कारभार हळूहळू पुत्रांकडे गेला. ७ ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही दोन्ही राष्ट्रीय पदे त्यांच्याकडेच होती.

दुबईत आज नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाला निवासाचा परवाना संघराज्याच्या कायद्याने मिळतो, पण दुकानाचा वा कंपनीचा परवाना त्या त्या अमिरातीकडून. सत्तेची ही वाटणी सहज झालेली नाही. नगर आणि राष्ट्र यांच्यातील ज्या ओढाताणीतून ती आकाराला आली, त्या ओढाताणीतच शेख रशीद यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध गेला.