डॉ. होमी भाभा आणि टिफ्रॅक

मुलांनो, पावसाळ्यात आजऱ्यात धो धो पाऊस पडतो. मग तुम्ही रेडिओवर किंवा मोबाइलवर हवामानाचा अंदाज ऐकता. हा अंदाज काढण्यासाठी अवाढव्य संगणक असंख्य गणिते करतात. त्यांपैकी कितीतरी गणिते आजही फोरट्रान नावाच्या भाषेत लिहिलेली आहेत. ही भाषा १९५७ साली तयार झाली. म्हणजे ती तुमच्या आजोबांच्या वेळची! आपल्या देशात संगणकाचे युग आणण्यासाठी झटलेल्या एका थोर शास्त्रज्ञाची ओळख आज आपण करून घेऊ.

डॉ. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडमधील केंब्रिजला गेले. १९३९ साली ते सुट्टीत मायदेशी आले आणि तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. ते इथेच राहिले. १९४५ साली त्यांच्या प्रयत्नांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली.

विज्ञानातील मोठी गणिते हाताने करण्यात फार वेळ जाई. म्हणून संस्थेत संगणक बांधायचे ठरले. या कामात डॉ. रंगस्वामी नरसिंहन हे प्रमुख होते. त्यांच्या बहुतेक तरुण सहकाऱ्यांना संगणक बांधण्याचा अनुभव नव्हता. तरी ते घाबरले नाहीत. आधी त्यांनी एक छोटे यंत्र बांधून पाहिले. मग १९६० साली मोठा संगणक सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याला प्रत्येक सूचना अंकांच्या सांकेतिक भाषेत द्यावी लागे. एक अंक चुकला, की सारे गणित चुके.

टिफ्रॅक तयार होईपर्यंत परदेशात त्याहून वेगवान यंत्रे निघाली होती. मग श्रम वाया गेले का? मुळीच नाही. १९६४ साली अमेरिकेहून मोठा संगणक संस्थेत आला, तेव्हा तो हाताळणारी माणसे इथे तयार होती. देशभरातील संशोधक त्यावर फोरट्रानमध्ये गणिते करू लागले.

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात डॉ. भाभांचे निधन झाले. ती जुनी यंत्रेही आता वापरात नाहीत. पण त्यांच्यावर शिकलेल्यांनी पुढच्या पिढीला शिकवले आणि फोरट्रान आजही काम करते आहे.

मुलांनो, यंत्र जुने होते, शिकलेली विद्या जुनी होत नाही. म्हणून नवे काम समोर आले, की मागे हटू नका.