पाळकाचा पुत्र गणिती बर्नहार्ड रीमान

जर्मनी देशात, तेव्हाच्या हॅनोव्हर राज्यात, ब्रेझेलेंझ नावाचे एक लहान खेडे आहे. तेथील लूथरपंथी मंडळीच्या पाळकाच्या घरी ता. १७ सप्टेंबर १८२६ रोजी एक मुलगा जन्मास आला. थोर गणितशास्त्रज्ञांत ज्याचे नाव आज अगदी वरच्या रांगेत घेतले जाते, तो बर्नहार्ड रीमान हाच. केवळ त्याची विद्वत्ता वर्णावी एवढ्यासाठी हे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत नाही. एका गरीब पाळकाने आपल्या पुत्राविषयीची आवडती इच्छा कशी सोडून दिली व तिचे फळ काय आले, हे सर्वांनी पाहावे असे आम्हांस वाटते.

बर्नहार्ड तान्हा असतानाच वडिलांची बदली क्विकबोर्न ह्या गावी झाली. घरी सहा मुले, उत्पन्न थोडे, प्रकृती बहुतेकांच्या नाजूक. मुलास पहिले धडे वडिलांनीच दिले. १८४० साली तो हॅनोव्हर शहरी आजीजवळ शिकावयास गेला. दोन वर्षांनी आजी वारली, तेव्हा तो ल्यूनेबुर्ग येथील शाळेत दाखल झाला. तो अतिशय लाजाळू असून त्याचा जीव सदा घराकडे ओढ घेई. लिहिलेला निबंध पुरता मनाजोगा झाल्यावाचून तो गुरुजींच्या हाती देत नसे, म्हणून त्यास पुष्कळदा उशीर होई. शाळेच्या मुख्याने त्याची गणिताची आवड ओळखून त्यास लझांद्र ह्या फ्रेंच पंडिताचा अंकशास्त्रावरील आठशेंहून अधिक पानांचा ग्रंथ वाचावयास दिला. आठवडा उलटण्याच्या आत मुलाने तो परत आणला, आणि पुढे परीक्षा घेतली असता त्यातील विषय त्यास चांगला अवगत असल्याचे आढळले.

१८४६ साली तो गटिंगेनच्या विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकण्यास गेला. मुलाने आपल्यामागे मंडळीची सेवा करावी, ही वडिलांची इच्छा होती. शिवाय पाळकाचे काम मिळाले म्हणजे घराचा भार हलका होईल, हाही विचार होता. परंतु त्याचे पाय गणिताच्या वर्गाकडे वळू लागले. त्याने न कळविता मार्ग बदलला नाही; वडिलांची परवानगी मागितली, आणि वडिलांनी ती दिली. गरिबाच्या घरी अशी परवानगी देणे किती जड जाते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

रीमान ह्यांनी पुढे दोन वर्षे बर्लिन येथे डिरिक्ले आदी पंडितांजवळ अध्ययन केले आणि १८५१ साली गटिंगेन येथे महापंडित गॉस ह्यांच्या हाताखाली डॉक्टर ही पदवी संपादली. शिकविण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी उमेदवाराने एक व्याख्यान द्यावे, असा तेथील नियम होता. रीमान ह्यांनी तीन विषय सुचविले. रीतीप्रमाणे पहिला निवडला जावयाचा. पण गॉस ह्यांनी मुद्दाम तिसरा निवडला, आणि त्याचीच तयारी झालेली नव्हती. ता. १० जून १८५४ रोजी ते व्याख्यान झाले. विषय होता भूमितीच्या पायाचा.

तो विषय एका दृष्टान्ताने सांगतो. सपाट शेतात त्रिकोण आखला तर त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन भरते. आता शाळेतील पृथ्वीचा गोल घ्या. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेषा आणा. त्या प्रत्येकीचा विषुववृत्ताशी एकेक काटकोन होतो. ध्रुवावरचा कोन आणखी वेगळाच. म्हणजे येथे बेरीज दोन काटकोनांहून अधिक झाली. तेव्हा आपण राहतो ते अवकाश सपाटच आहे असे आधीच धरून चालू नये, मोजून पाहावे, असे रीमान ह्यांनी दाखविले. वृद्ध गॉस फार संतुष्ट झाले. हे व्याख्यान छापून निघाले ते १८६८ साली, रीमान ह्यांच्या मृत्यूनंतर. १९१५ साली आइन्स्टाइन ह्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, तो ह्याच भूमितीच्या आधारावर.

तरी त्या वेळी रीमान ह्यांस नेमलेला पगार नव्हता. विद्यार्थी देतील ती फी हीच प्राप्ती. पहिल्या वर्गास आठ जण आले, ह्याचाच त्यांस मोठा आनंद झाला. १८५५ साली वडील देवाघरी गेले. ब्रेमेन येथे टपालखात्यात असलेल्या भावाने बहिणींस आपल्या घरी नेले. पण १८५७ साली तोही वारला, आणि तीन बहिणींचा भार रीमान ह्यांजवर आला.

१८५९ साली डिरिक्ले ह्यांच्या मागे ते मुख्य अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी मूळसंख्यांवर एक लहानसा लेख लिहिला. २, ३, ५, ७ ह्यांसारख्या, दुसऱ्या कशानेही न भागल्या जाणाऱ्या त्या मूळसंख्या. १०० पर्यंत त्या २५ आहेत. १००० पर्यंत १६८. त्या विरळ होत जातात त्यास नियम कोणता, हा प्रश्न. त्या लेखात रीमान ह्यांनी एक अनुमान केले. ते खरे की खोटे हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. २००० साली अमेरिकेतील एका संस्थेने त्यासाठी दहा लक्ष डॉलरांचे बक्षीस लावले.

१८६२ साली एलिझ कोख ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण महिना लोटतो न लोटतो तोच छातीचे दुखणे जडले, व पुढे क्षयाने घेरले. उबदार हवेसाठी ते इटलीस जात. तेथेच पीझा नगरी त्यांची कन्या जन्मली, आणि तेथेच मज्जोरे सरोवराच्या काठी सेलास्का गावी ता. २० जुलै १८६६ रोजी, चाळीस वर्षेही पुरी झाली नसता, ते निवर्तले. पत्नी जवळ बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होती. देवासमोर दररोज आपल्या अंतःकरणाची झडती घेणे हाच धर्माचा गाभा, असे ते मानीत.

पुत्र उपदेशपीठावर चढला नाही, म्हणून त्या पित्याची आशा व्यर्थ गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याने देवाने दिलेले दान ओळखले व त्यास वाट मोकळी केली. आपल्या खेड्यांतील आईबापांनी व शिक्षकांनीही मुलांतील दान असेच पारखून पाहावे. रीमान ह्यांच्या थडग्याच्या दगडावर रोमकरांस पत्र, अध्याय ८, ओवी २८ हे वचन कोरलेले आहे. वाचकांनी ते आपल्या शास्त्रातून काढून वाचावे, आणि इतके मृत्यू व इतके दारिद्र्य पाहिलेल्या त्या माणसाच्या थडग्यासाठी नेमके तेच का निवडले गेले, ह्याचा विचार करावा.